तिएनशान बर्च: शेंडा दरवर्षी वाळतो, पानं दरवर्षी पिवळी पडतात, तेव्हा काय तपासावं

तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. झाड लावून चार-पाच वर्षं झालेली असतात. पहिली दोन वर्षं वाढ जोमदार, मग एका जूनमध्ये शेंड्याकडची एखादी फांदी पालवतच नाही. ती कापली जाते. पुढच्या जूनमध्ये तिच्या खालच्या दोन जातात. मधल्या काळात कुणी खत घालतं, कुणी लोह देतं, कुणी कीटकनाशक ओततं. पानं जरा हिरवी होतात आणि वर्षभराने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यातला खोडकिडा, म्हणजे साल पोखरणारी अळी, खरा असतो, पिवळेपणाही खरा असतो. पण बहुतेक बागांमध्ये दोन्ही नंतर आलेले असतात. आधी आलेली असते ती मुळांभोवतीची तापलेली, कोरडी, लॉनने वेढलेली माती. ती तशीच ठेवून केलेला कुठलाही इलाज एका हंगामापुरता. म्हणून खाली औषधांपेक्षा पाण्यावर जास्त लिहिलं आहे.

हा मजकूर प्रामुख्याने शिकागो, मिनियापोलिस, डिट्रॉइट, टोरंटो या पट्ट्यात घर-अंगण असलेल्यांसाठी आहे. हिवाळा कडक, उन्हाळा दमट आणि गरम, माती चिकण आणि चुनखडीची, आणि वर स्थानिक खोडकिडा. महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी दोन ओळी शेवटाकडे आहेत.

झाड मूळचं कुठलं, हे आधी

बेटुला तियानशानिका हा किर्गिझस्तान, कझाकस्तान, ताजिकिस्तान आणि चीनचा शिंच्यांग या भागातल्या तिएनशान पर्वतरांगांमधला बर्च. उंची ४ ते १२ मीटर, पानं लहान, २ ते ७ सेंमी लांबीची, कोवळ्या डहाळ्यांवर राळेच्या ग्रंथी, साल पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. शिंच्यांगमध्ये तो साधारण १,३०० ते २,५०० मीटर उंचीवर, सावलीच्या दऱ्यांत आणि ओढ्यांच्या काठी वाढतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. इमारतीसाठी आणि जळणासाठी होणारी तोड आणि नदीकाठच्या जंगलांवरचा चराईचा ताण ही तिथली नेहमीची दुखणी.

समस्या निवारणासाठी यातली कामाची गोष्ट म्हणजे ओढ्याचा काठ. मध्य आशियाची हवा कोरडी, पाऊस कमी, म्हणून हे झाड ‘दुष्काळ सोसणारं’ असा समज होतो. पण तिएनशानमधल्या ओढ्यांना पाणी येतं ते बर्फ आणि हिमनद्या वितळून, आणि त्यांना भर येतो तो ऐन उन्हाळ्यात. म्हणजे हवा सर्वांत कोरडी असते तेव्हाच मुळांखालून थंड पाणी वाहत असतं. डोकं उन्हात, पाय गार पाण्यात. शिकागोच्या उपनगरात जुलैमध्ये याच्या अगदी उलट घडतं: ३२ अंशांची हवा, ड्राइव्हवेच्या काँक्रीटची धग, आणि लॉनच्या मुळांनी शोषून घेतलेली वरची २० सेंमी माती.

नर्सरीच्या टॅगवरच्या हार्डिनेस झोनच्या आकड्याने इथेच फसगत होते. तो आकडा फक्त हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाचा असतो. उन्हाळ्याच्या रात्री किती गरम असतात आणि माती किती तापते, याबद्दल तो काहीच सांगत नाही. तिएनशान बर्चला शिकागोचा जानेवारी सहज झेपतो. झेपत नाही तो ऑगस्ट.

अल्माटी आणि बिश्केक या शहरांत रस्त्याकडेच्या झाडांना ‘अरीक’ नावाच्या उघड्या पाटांतून डोंगराचं पाणी देण्याची जुनी पद्धत आहे. कोरड्या शहरात एवढी झाडी टिकते ती त्या पाटांच्या जोरावर. आपल्याकडच्या पाटपाण्यासारखीच सोय, फक्त पिकाऐवजी रस्त्यावरच्या सावलीसाठी. अंगणात पाट काढता येत नाही, पण त्याचं काम कसं भागवायचं ते पुढे येईलच.

आधी निदान: कधी सुरू झालं आणि कुठून

फवारणीचा पंप हातात घेण्याआधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारा. लक्षण कोणत्या महिन्यात आणि झाडाच्या कोणत्या भागात सुरू झालं, एवढ्यावरून निम्मं निदान होतं.

शेंड्यापासून खाली सरकणारी मर, तीही दक्षिण-पश्चिम बाजूला जास्त, आणि वाळलेल्या फांद्यांच्या सालीवर वेडेवाकडे उंचवटे: खोडकिडा. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, जूनपासून: लोहाची किंवा मँगनीजची कमतरता. जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या बाजूची जुनी पानं एकसारखी पिवळी होऊन गळतात, टोकाची हिरवीच राहतात: पाण्याचा ताण, झाड भार कमी करतं आहे. पानांच्या कडा करपलेल्या, आणि तेही रस्त्याच्या किंवा ड्राइव्हवेच्या बाजूलाच: हिवाळ्यात टाकलेलं मीठ. मे महिन्यात पानांवर तपकिरी, फुगलेले चट्टे, जे उजेडात धरले की आत बारीक अळी दिसते: नागअळी. जुलैमध्ये पानांची जाळी: जपानी भुंगेरे. शेवटच्या दोन्ही कीडी दिसायला भयंकर, पण एवढ्यावरून मोठं झाड मरत नाही. वर्षानुवर्षं चालू राहिल्या तर मात्र झाड खंगतं आणि खोडकिड्याला आमंत्रण मिळतं.

आणखी एक लक्षण वारंवार नजरेतून सुटतं. झाड एकाच बाजूने वाळतं, किंवा सगळ्याच झाडाला पानं उशिरा येतात आणि लहान राहतात. अशा वेळी बुंधा पाहा. खोड जमिनीत शिरताना पसरत जायला हवं. ते विजेच्या खांबासारखं सरळ मातीत गेलं असेल, तर झाड खोल लावलं गेलं आहे किंवा एखादं मूळ बुंध्याला आवळतं आहे.

फांदी मेली आहे की नाही हे पानांवरून ठरवू नका. नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवट ओलसर थर दिसला तर ती जिवंत, तपकिरी कोरडा दिसला तर गेली. टोकाकडून खोडाकडे दर २० सेंमीवर खरवडत जा आणि जिवंत भाग जिथे सुरू होतो तिथे रंगाची खूण करा. ही खूण पुढच्या वर्षी फार उपयोगी पडते.

खोडकिडा: काय दिसतं, का येतो

ब्राँझ बर्च बोअरर, शास्त्रीय नाव अ‍ॅग्रिलस अँक्सियस, हा उत्तर अमेरिकेचाच स्थानिक भुंगेरा. तिथल्या बर्चांची त्याच्याशी जुनी ओळख आहे, आशिया-युरोपच्या बर्चांची नाही. ओहायोतल्या एका दीर्घकालीन चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात युरोपातले बेटुला पेंडुला आणि बेटुला प्युबेसेन्स, आणि आशियातले बेटुला मॅक्सिमोविक्झियाना आणि बेटुला सेचुआनिका ही सगळी झाडं आठ वर्षांच्या आत मेली. उत्तर अमेरिकी जातींपैकी बहुतेक तगली. तिएनशान बर्च या चौघांत नाही, पण तोही परका आशियाई बर्च आहे. नर्सरीवाला ‘याला किडा लागत नाही’ म्हणाला तरी आपण सावध राहावं.

मादी जून-जुलैमध्ये सालीच्या भेगांत अंडी घालते, तिला ऊन लागणारी, वरच्या भागातली फांदी आवडते. अळी साल भेदून थेट अंतरसालीत जाते आणि नागमोडी बोगदे काढते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जायचा रस्ता तिथे तुटतो. हिवाळा अळी लाकडातच काढते. वसंतात कोष, आणि मे-जूनमध्ये प्रौढ भुंगेरा इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचं, ३ ते ५ मिमीचं छिद्र पाडून बाहेर येतो. हे पिढीचक्र उष्ण भागात एक वर्षाचं, थंड भागात किंवा सशक्त झाडात दोन वर्षांचं.

छिद्र गोल असेल तर तो हा किडा नाही. एका ओळीत, सारख्या अंतरावर, आडवी छिद्रं असतील तर ते सॅपसकर या सुतारपक्ष्याचं काम. आणि सालीवरच्या आडव्या बारीक रेघा म्हणजे बर्चची श्वसनरंध्रं, त्यांना रोग समजून खरवडत बसू नका.

सालीवरचे उंचवटे पाहून लोक घाबरतात, पण ते झाडाने दिलेल्या झुंजीच्या खुणा असतात. बोगद्यावर झाडाने नवी पेशीजाळी चढवून जखम भरली की उंचवटा येतो. ज्या झाडात पाणी पुरेसं आहे तिथे बऱ्याच अळ्या या भरून येणाऱ्या जाळीत अडकून मरतात. ताण असलेल्या झाडात जाळी वेळेत बनत नाही आणि अळी फांदीला पूर्ण वेढा घालते. उंचवटे आहेत पण वरची पानं हिरवी आहेत, तर झाड अजून जिंकू शकतं. उंचवटे कमी, छिद्रं जास्त, वरची फांदी नागवी, तर पारडं किड्याच्या बाजूला झुकलं आहे.

मुळांचा भाग दुरुस्त करणं

खरं काम इथे आहे, आणि ते एका शनिवार-रविवारी होण्यासारखं आहे.

पहिल्यांदा बुंधा मोकळा करा. नर्सरीच्या मातीच्या गोळ्यातच बुंध्यावर ५-१० सेंमी जादा माती चढलेली असणं अगदी नेहमीचं. खुरप्याने, मुळांची साल न सोलता, पहिली जाड मुळं फुटतात तिथपर्यंत माती काढा. पोतं, सुतळी किंवा तारेची जाळी बुंध्याशी सापडली तर कापून काढा. बुंध्याला आवळणारी पेन्सिलीएवढी मुळं पानगळीनंतर कापता येतात. खोडाच्या एक तृतीयांशाहून जाड मूळ मात्र स्वतः कापू नका, ते अनुभवी वृक्षतज्ज्ञाला दाखवा.

मग लॉन हटवा. खोडापासून किमान १ मीटर, जमलं तर १.५ मीटर त्रिज्येचं आळं मोकळं हवं. कुदळ चालवायची नाही. बर्चची अन्नशोषक मुळं वरच्या ३० ते ४५ सेंमीतच असतात आणि खोदाईत तीच तुटतात. गवत जमिनीलगत कापा, त्यावर साधा पुठ्ठा अंथरा, तो ओला करा आणि वर लाकडाच्या ढलप्यांचं ५ ते ८ सेंमी जाड आच्छादन पसरा. खोडाभोवती हाताच्या पंजाएवढी जागा रिकामी सोडा. आच्छादनाचा डोंगर बुंध्यावर रचायची जी फॅशन आहे तिने साल कुजते. पांढरे गोटे आणि काळं प्लॅस्टिक दोन्ही नकोत. गोट्यांनी माती तापते, प्लॅस्टिकखाली ती घुसमटते.

लॉनवर टाकायचं ‘तण मारा आणि खत द्या’ असं दुहेरी मिश्रण आळ्याच्या आसपास अजिबात नको. त्यातलं डायकांबा हे तणनाशक झाडाची मुळंही शोषतात, आणि त्याच्या दृष्टीने झाडही तणच.

आता पाणी. आठवड्याला २५ मिमी पावसाइतकं पाणी हा हिशेबाचा पाया धरा. १ मीटर त्रिज्येच्या आळ्याचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर, म्हणजे २५ मिमीला सुमारे ७८ लिटर. १.५ मीटरचं आळं असेल तर सुमारे १७७ लिटर. आकडा मोठा वाटतो, पण नळ मोजून पाहा: १० लिटरची बादली तुमच्या बारीक सोडलेल्या होजने ५ मिनिटांत भरत असेल, तर ७८ लिटरला ३९ मिनिटं लागतात. ठिबक असेल तर ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर म्हणजे तासाला १६ लिटर, जवळजवळ पाच तास. चिकण मातीत हेच बरं, कारण पाणी वाहून न जाता मुरतं. ड्रिपर खोडाला चिकटवू नका, आळ्याच्या मधल्या आणि बाहेरच्या भागात ठेवा.

पाऊस झाला तर पर्जन्यमापक बघून तेवढं वजा करा. ३२ अंशांच्या वर पारा सलग राहिला तर आठवड्याची वाट न पाहता चार-पाच दिवसांनी पुन्हा पाणी द्या. आळ्यात लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहा: हाताच्या जोराने १५ सेंमी गेला तर ठीक, वरच अडकला तर माती कोरडी. शेतीत ज्याला वाफसा म्हणतात, मातीत ओल आणि हवा दोन्ही, ती स्थिती हवी. मुठीत दाबलेल्या मातीतून पाणी निथळलं तर थांबा.

लॉनच्या स्प्रिंकलरवर हे झाड सोडून देणं हीच सर्वांत जास्त आढळणारी चूक. रोज पाच मिनिटांच्या शिंपणात वरची दोन-तीन सेंमी भिजतात, गवत खूश राहतं, आणि झाडाची मुळं ओलीच्या शोधात आणखी वर, तापलेल्या थरात येतात. यजमानाला वाटतं आपण रोज पाणी देतो.

पाणी बंद करायची वेळ पानगळ नाही, जमीन गोठणं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडाची मुळं वाढत असतात, आणि कोरड्या मुळांनी हिवाळ्यात गेलेलं झाड मे महिन्यात त्याचा हिशेब चुकता करतं.

ओढ्याकाठचं झाड म्हणून साचलेलं पाणी चालेल असं मात्र नाही. ओढ्याचं पाणी वाहतं आणि त्यात प्राणवायू असतो, चिकण मातीच्या खड्ड्यात अडलेलं पाणी मुळं कुजवतं. झाडापासून दूर ३० सेंमी खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि मोजा. तासाला २.५ सेंमीहून कमी उतरत असेल तर निचरा वाईट. नवं झाड लावताना अशा जागी मातीचा गोळा एक तृतीयांश जमिनीच्या वर ठेवून उंचवट्यावर लावा. तळाशी खडी टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याने काही साधत नाही. बारीक मातीतलं पाणी खाली जाड खडीत सहज उतरत नाही, उलट तिच्या वरच अडून राहतं.

पिवळी पानं: लोह देऊनही परत का

मिडवेस्टच्या मातीत लोह भरपूर असतं. सामू (पीएच) ७.५ च्या आसपास किंवा वर गेला की ते मुळांना घेता येत नाही, एवढंच. नवीन वसाहतींत बिल्डरने पायाची खालची चुनखडीची माती वर पसरलेली असते, त्यामुळे शेजारच्या जुन्या घरात बर्च हिरवागार आणि तुमच्याकडे पिवळा, असंही होतं.

वाळलेल्या मातीच्या चिमटीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुना आहे. आणि असेल, तर गंधक टाकून सामू उतरवायचा विचार सोडून द्या. कारण साधं गणित आहे. १ किलो चुना मारायला सुमारे ०.३२ किलो गंधक लागतं. १ चौरस मीटर क्षेत्रातली १५ सेंमी खोल माती भरते साधारण २०० किलो, त्यात नुसता १ टक्का चुना असला तरी २ किलो. म्हणजे फक्त तो संपवायला चौरस मीटरला सुमारे ६५० ग्रॅम गंधक, आणि सामू त्यानंतर हलायला लागणार. १.५ मीटर त्रिज्येच्या आळ्याला हे साडेचार किलोच्या वर जातं. चुना ५ टक्के असेल तर २२-२३ किलो. एवढं गंधक एकदम टाकणं हाच झाडावर दुसरा आघात. माती फसफसत नसेल तर मात्र प्रयोगशाळेच्या अहवालाप्रमाणे थोडं थोडं गंधक दोन-तीन हंगामांत चालतं.

चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने (चिलेटने) धरून ठेवलेलं लोह, घेताना डब्यावरचं चिलेटचं नाव वाचा. ईडीटीए साधारण ६.५ सामूपर्यंत टिकतं, डीटीपीए ७.५ पर्यंत, त्यापुढे ईडीडीएचए. चुनखडीच्या मातीत पहिली दोन टाकली तर लोह काही दिवसांत पुन्हा अडकतं, आणि ‘लोह दिलं पण फरक नाही’ ही तक्रार तिथूनच येते. ईडीडीएचए महाग असतं. मात्रा डब्यावरची, कळ्या फुगायच्या सुमारास, आच्छादन बाजूला करून मातीत, वर पाणी. काँक्रीटवर सांडू देऊ नका, विटकरी डाग जात नाहीत. फेरस सल्फेटच्या फवाऱ्याने पानं ठिपक्याठिपक्यांनी हिरवी होतात, नवी आली की पुन्हा पिवळी. खोडात भोकं पाडून लोह भरणं या झाडाला टाळावं, किड्याशी झुंजणाऱ्या खोडाला नव्या जखमा कशाला?

ओली, गार, आच्छादलेली माती केल्यावर पहिल्या-दुसऱ्या वर्षात पिवळेपणा काहीसा आपोआप उतरतो, कारण कोरड्या किंवा घुसमटलेल्या मातीत मुळांची लोह घेण्याची ताकदच कमी झालेली असते. म्हणून लोहावर खर्च करण्याआधी एक हंगाम पाण्याला द्या.

आणि नत्राचं खत? पिवळं दिसलं की मूठभर युरिया, ही सवय इथे सोडा. लुसलुशीत वाढ होते, पाण्याची गरज वाढते, मावा येतो.

कीटकनाशक: कधी द्यायचं, कधी नाही

पाण्याची घडी बसवली आणि झाडाचा बराचसा पसारा जिवंत आहे, तरच आंतरप्रवाही कीटकनाशकाला अर्थ आहे. औषध रसवाहिन्यांतून वर चढतं. त्या वाहिन्यांचीच चाळण झाली असेल तर ते शेंड्यापर्यंत पोहोचतच नाही. चाळीस टक्क्यांहून जास्त पसारा गेला असेल तर पैसे वाचवा.

इमिडाक्लोप्रिड मातीत ओततात. मात्रा खोडाच्या घेरावर किंवा व्यासावर असते, म्हणून जमिनीपासून सुमारे १.४ मीटरवर टेपने घेर मोजा आणि लेबलवर लिहिलंय तेवढंच घ्या. आच्छादन बाजूला सारा, कारण सेंद्रिय थर औषध धरून ठेवतो. माती ओलसर हवी, चिखल नको. वर चढायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे शरद ऋतूत किंवा वसंताच्या अगदी सुरुवातीला द्यायचं. भुंगेरे दिसल्यावर ओतलेलं त्या वर्षी उशिराच ठरतं. आळ्यात फुलझाडं लावली असतील तर हे औषध देऊच नका: बर्च वाऱ्याने फळतो, पण त्याच मातीतली फुलं मधमाशांना विष पाजतात. काही राज्यांत आणि कॅनडात घरगुती वापरावर निर्बंध आहेत, दुकानात विचारण्यापेक्षा राज्याचा नियम पाहा. दुसरा मार्ग एमामेक्टिन बेंझोएटच्या खोडातल्या इंजेक्शनचा. तो परवानाधारकाकडून करून घ्यायचा, परिणाम दोनेक वर्षं टिकतो.

भुंगेरे बाहेर पडण्याची वेळ ओळखायला कॅलेंडर नको. रस्त्याकडेचा ब्लॅक लोकस्ट पांढऱ्या घोसांनी फुलला की तेही निघायला लागतात.

छाटणी

मे ते ऑगस्ट या काळात बर्चवर कात्री चालवू नका, ताज्या जखमेचा वास मादीला खेचतो. वसंताच्या तोंडावर कापलं तर रस धो-धो वाहतो. त्याने झाड मरत नाही, पण पाहवतही नाही. पानगळीनंतर ते कडक हिवाळा, हा योग्य काळ. वाळलेल्या भागाच्या खाली जिवंत बाजूफांदीपर्यंत, फांदीच्या गळ्याला (ती फुटते तिथल्या फुगीर भागाला) धक्का न लावता कापा. वर डांबर, रंग काही नको.

कापलेल्या फांद्या शेकोटीसाठी रचून ठेवल्या की आतली अळी निवांत कोषात जाते आणि मे महिन्यात त्याच झाडावर परतते. एप्रिल संपायच्या आत ढलप्या करा किंवा जाळून टाका.

गुण येतोय की नाही, हे कसं ओळखायचं

या टप्प्यावर बरेच जण चांगला चाललेला इलाज मधेच सोडतात. यंदा मातीची दुरुस्ती केली, तरी गेल्या उन्हाळ्यात शिरलेल्या अळ्यांनी केलेलं नुकसान पुढच्या जूनमध्ये दिसतंच. एखादी फांदी आणखी जाते. इलाज फसला असं समजून लोक खत किंवा दुसरं औषध सुरू करतात.

म्हणून मोजायचं ते वेगळं. रंगाच्या खुणेच्या खाली मर किती सरकली ते पाहा: पहिल्या वर्षी थोडी, दुसऱ्या वर्षी नाही, तर बरोबर चाललं आहे. फांदीच्या टोकाकडून मागे येताना कळीच्या खवल्यांच्या गोल वळ्या दिसतात, दोन वळ्यांमधलं अंतर म्हणजे एका वर्षाची वाढ. यंदाचं अंतर मागच्यापेक्षा वाढलं तर मुळं सावरली आहेत. नवी छिद्रं कडांना ताजी, फिकट लाकडाची दिसतात, जुनी काळवंडलेली. वसंतात जुन्या छिद्रांना मार्करने टिंब करून ठेवा, जुलैत नवी मोजा. दोन-तीन हंगाम द्यावे लागतात.

मुख्य खोडावर, खालच्या भागात, छिद्रं दिसू लागली किंवा अर्ध्याच्या आसपास झाड वाळलं, तर काढून टाका. वाळलेला बर्च लवकर ठिसूळ होतो, घरावर झुकलेला असेल तर चढून कापणाऱ्यालाही धोका.

त्या जागी काय? भूर्जपत्राच्या ओढीने अनेक मराठी घरांत हिमालयातला पांढऱ्या सालीचा बेटुला युटिलिस आणला जातो. तो या किड्यापुढे फार लवकर हार मानतो. नदीकाठचा अमेरिकी बर्च, बेटुला नायग्रा, किड्याला दाद देत नाही, पण तुमची माती व्हिनेगरने फसफसत असेल तर तोच आधी पिवळा पडेल. घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, दुपारची सावली मिळणारी जागा आणि मोठं आळं देता येत असेल, तर तिएनशान बर्च पुन्हा लावायला हरकत नाही. ड्राइव्हवे आणि नैऋत्येची भिंत यांच्या बेचक्यात मात्र कुठलाच बर्च नको. रस्त्याच्या बाजूला मीठ पडत असेल तर वसंतात बर्फ वितळल्यावर एक-दोनदा भरपूर पाणी सोडून ते धुऊन काढा.

पुणे, नाशिक, महाबळेश्वर इथून विचारणाऱ्यांसाठी: लावू नका. या झाडाला लांबलचक थंडीची झोप लागते. महाबळेश्वरची थंडीही त्याला पुरत नाही, आणि पुढचा एप्रिल त्याला उरलेलं दाखवतो.

बी गोळा करून वाटण्याचा उत्साह असेल तर एक अडचण आहे. बर्च वाऱ्याने फळतात आणि एकमेकांशी सहज संकर करतात. आसपास दुसऱ्या जातीचे बर्च असतील तर तुमच्या झाडाचं बी शुद्ध तिएनशान बर्चचं असेलच असं नाही. रोप म्हणून लावा, पण संकटग्रस्त जातीचं संवर्धन म्हणून कुणाला देऊ नका. खरेदी करताना मूळ बी कुठल्या दरीतलं, कुठल्या बागेच्या नोंदीतलं, हे विचारा. ते सांगता येणारी नर्सरी बुंधाही मातीत गाडून विकत नाही, असा आपला अंदाज.